कडेचा आवाज

परवा भाचीच्या साखरपुड्यात जेवायला बसलो, तर पुढ्यात फायबरचा ट्रे आला. मी श्रीखंड बघितलं नाही, मसालेभात बघितला नाही. आधी ट्रेच्या कडेवरून अंगठा फिरवला. एका कोपऱ्याला कुसळ लागलं. वाढणाऱ्याला म्हटलं, "हा बदलून द्या हो, ह्याची कड सुटलीय." तो माझ्याकडे बघतच राहिला. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "अगं, जेवायला आलोय आपण, तपासणीला नाही!" आता त्याला काय सांगू? ही खोड मुळात माझी नाहीच. ती तांबोळी मॅडमची. मॅडम गेल्या आणि जाताना ती माझ्याकडे ठेवून गेल्या.

रझिया तांबोळी त्यांचं नाव. धायरीच्या पुढे, खडकवासल्याच्या बाजूला आमचा लहानसा कारखाना. काचेच्या आणि कार्बनच्या धाग्यांचं कापड घ्यायचं, थरावर थर रचायचे, मधे रेझिन म्हणजे चिकट रस भरायचा आणि भट्टीत घालून पक्कं करायचं. असे आमचे पाट तयार होतात. उचलायला हलके आणि ताकदीत लोखंडाला हार जात नाहीत. बहुतेक पाट स्ट्रेचरसाठी जायचे. डोंगरात कोणी पडलं, पाय मोडून घेतला, की त्याला ज्याच्यावर बांधून खाली आणतात ते स्ट्रेचर. पाट चांगला की वाईट हे ठरवणारं खातं मॅडमचं. खुद्द मालकसुद्धा त्यांच्या दारात थांबून "येऊ का?" असं विचारायचे.

बुटक्या होत्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, चष्मा कायम डोक्यावर आणि तोंडाने कायम "माझा चष्मा कुणी घेतला?" उजव्या अंगठ्याची कातडी जाड झालेली, कारण समोर येईल त्या वस्तूची कड त्या अंगठ्याने तपासायच्या. टेबलाची, कपाची, लग्नाच्या पत्रिकेची. माझ्या डब्यातल्या चपातीची कड कच्ची निघाली की म्हणायच्या, "रायकर, मधे छान भाजलीत. कडेला कंटाळा आला वाटतं?" चहाबरोबर रोज एक खारी. ती कधी मोडून खाल्ली नाही. कोपऱ्याला नख लावायचं, एकेक पापुद्रा सोडवायचा, आणि चहा गार होईपर्यंत ते चाललेलं असायचं.

आणि त्यांच्या मुठीत एक जुना जाड रुपया. हल्लीच्या रुपयाला त्या बटण म्हणायच्या. त्या रुपयाने पाट वाजवायच्या. टक, टक, टक, बोटभर सरकत. सगळे थर नीट चिकटलेले असले की खणखणीत वाजतं. आत कुठे थर सुटला असला की आवाज बसका येतो. असं वाजवून बघण्याची रीत सगळीकडेच आहे, तो काही मॅडमचा शोध नव्हे. पण तसा कान मी दुसरा पाहिला नाही, खरं सांगते.

मी नोकरीला लागले तेव्हा इंजिनिअरिंगची परीक्षा ताजी होती आणि डोक्यात सूत्रं नुसती खदखदत होती. पहिल्याच दिवशी मॅडमनी पुढ्यात एक पाट ठेवला, हातात रुपया दिला, लाल पेन्सिल दिली. "वाजवा. जिथे बरं वाटणार नाही तिथे खूण करा." एवढं बोलून जेवायला गेल्या. मी जीव ओतून वाजवलं. मधे सगळं उत्तम. पण कडेजवळ आलं की आवाज बदलायचा. एका बाजूला नाही, चारही बाजूंना. म्हटलं, बाई गं, किती खराब माल! इमानेइतबारे लाल खुणा करत गेले. मॅडम परत आल्या, चष्मा शोधला, खाली ओढला आणि पाटाकडे बघितलं.

"वा! नवरी सजवलीत की हो. कुंकू शिल्लक राहिलं का काही?"

"मॅडम, सगळी कडच खराब आहे."

"कड खराब नाहीये, ती कड आहे." खुर्ची ओढून समोर बसल्या. "कडेचा आवाज निराळाच असतो, रायकर. निराळा म्हणजे वाईट नव्हे. आधी चांगली कड कशी वाजते ते शिका, मग वाईट आपोआप कळेल. माझे अब्बा तबले करायचे. बुधवार पेठेतल्या एका बोळात खाली दुकान आणि वर आम्ही. तबल्याच्या मधे शाई असते, तिथला आवाज वेगळा. कडेला पट्टी असते, तिला चाट म्हणतात, तिच्यावर 'ना' वाजतो. सगळ्यात गोड बोल! तुमच्यासारखं कोणी येऊन चाटेला लाल पेन्सिल लावली असती ना, तर अब्बांनी हातोडी घातली असती डोक्यात."

पुढे कितीतरी दिवस त्यांनी मला फक्त चांगल्या कडा ऐकायला लावल्या. एकही वाईट पाट हाती दिला नाही. मी इतकी चेकाळले की घरी गेल्यावरही पातेल्याची, परातीची, पाटा-वरवंट्याचीही कड वाजवून बघायची. आमचं घर जुन्या धायरीतलं, शेतीवालं. गाव शहरात गेलं तरी वडिलांची बोली जायची होती. ते आईला म्हणाले, "पोरगी कामाला जाती का भजनाला? समदी भांडी वाजवाय लागलीया!" मी मॅडमबद्दल सांगितलं, तर खुशीत म्हणाले, "बाई लय कडक हाय. हितंच ऱ्हा."

एकदा मी विचारलं, की सुटायचं तर कडेलाच का सुटतं? त्यांनी मलाच उलट विचारलं. मी भराभर सूत्र लिहिलं. त्यांनी कागद बाजूला सारला आणि बशीतली खारी उचलली. "सूत्र बरोबर आहे, पण ते पाटाच्या मधल्या भागाचं आहे. तिथे प्रत्येक थराला सगळीकडून शेजारी धरून असतात. ताण आला की मिळून सोसतात. कडेला आलं की पलीकडे धरायला कोणीच नाही. मग हा थर इकडे जायला बघतो, तो तिकडे, आणि दोघांना धरून ठेवायचं काम एकट्या चिकट रसावर पडतं. तो बिचारा किती धरणार?" नखाने खारीचा पापुद्रा अलगद सोडवला. "आणि भोक पाडलंत की मधोमध नवी कड केलीत, हे विसरू नका." आमच्या स्ट्रेचरच्या पाटाला दोन्ही अंगांना हात घालायची भोकं असतात. माणूस वर झोपला की सगळं वजन त्या भोकांच्या कडांवर येतं. म्हणून मॅडमचा रुपया तिथे सगळ्यात जास्त वेळ रेंगाळायचा.

मग कारखान्यात तपासणीचं यंत्र आलं. पाटावरून फिरतं, आत आवाजाच्या लहरी सोडतं आणि पडद्यावर चित्र काढतं. थर सुटला असेल तिथे डाग दिसतो. सगळ्यांना वाटलं, आता मॅडमचा रुपया देव्हाऱ्यात. यंत्र विकणारा इसम कोट घालून आला होता. त्याने मोठ्या ऐटीत पाटाचं चित्र दाखवलं. मधे स्वच्छ, पण चारी कडांना आणि भोकांभोवती नुसती गिचमिड. मॅडमनी चष्मा खाली ओढला.

"हे काय आहे?"

"एज इफेक्ट, मॅडम. कडेजवळ लहरी विस्कटतात. तेवढी कडेची पट्टी सोडून बघायचं."

"सोडून बघायचं. बरं. आणि हात कुठे घालायचा मग? पाटाच्या पोटात?"

तो बिचारा हसला, कारण दुसरं काय करणार? पण मॅडमनी यंत्राला नावं ठेवली नाहीत, हेही सांगायला हवं. मधला भाग त्यांनी त्याच दिवशी यंत्रावर सोपवून टाकला. म्हणाल्या, "मधलं ते बघेल. माझ्यापेक्षा बरं बघेल. कड माझी." त्यानंतर कडांवर त्यांचं राज्य होतं. मला वाटायचं हे असंच चालत राहणार. का वाटायचं कोण जाणे, पण वाटायचं.

प्रत्येक खेपेतला एक पाट आम्ही अंगणात भोकांतून टांगायचो आणि त्यावर वाळूची पोती रचायचो. एका सकाळी पोती रचता रचता चर्र असा आवाज झाला आणि पाट भोकाच्या कडेपासून उलगडला. थर न् थर सुटा. कोणाला काही लागलं नाही, पाट जमिनीपासून वीतभरच वर होता. पण सगळ्यांचं लक्ष त्या भोकाकडे गेलं. तिथे मॅडमच्या हिरव्या पेन्सिलीची खूण होती. पास.

मॅडम खाली बसल्या. सुटलेल्या थरांत बोट घालून बघितलं. आतला थर तिथे मुळात चिकटलेलाच नव्हता. तो वाजवताना कळायलाच हवा होता. "हा मी वाजवलाय," त्या म्हणाल्या. कोणीतरी म्हणालं, चालायचंच मॅडम, एखादा सुटतो नजरेतून. "नजरेतून नाही. कानातून सुटलाय," म्हणाल्या, आणि पर्स उचलून सरळ कानाच्या डॉक्टरकडे गेल्या.

दुपारी परत आल्या. खात्यात सगळ्यांसमोर उभं राहून, हजेरी घ्यावी तशा आवाजात सांगितलं, "माझे वरचे सूर गेलेत. बोललेलं ऐकू येतं, म्हणून मला पत्ता लागला नाही. ठोका ऐकू येतो, पण त्याच्या मागचा झंकार येत नाही. आजपासून कडा रायकर ऐकतील. आणि ह्या खेपेतले जे पाट बाहेर गेलेत ते पुन्हा वाजवायचेत. उद्याच."

मालक म्हणाले, "अहो मॅडम, पोहोचले ते! लोक वापरायलाही लागले." मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच उद्या. नाहीतर परवा चाललं असतं."

पाट गेले होते सिंहगडाच्या पायथ्याशी, एका गिर्यारोहण मंडळाकडे. आम्ही कारखान्याच्या टेम्पोतून गेलो. रस्ताभर मॅडम रुपया मुठीत धरून बसल्या होत्या. मंडळाचे कार्यकर्ते सज्जन होते. "मॅडम, परवाच ह्यावरून एकाला खाली आणला. ठणठणीत आहेत पाट!" मॅडम म्हणाल्या, "नशीब त्याचं. आता जरा वाजवू द्या." रुपया माझ्या हातात दिला. ओसरीत पाट मांडले. मी वाजवायची आणि मॅडम समोर बसून दोन बोटं भोकाच्या कडेवर टेकवून ठेवायच्या. चांगला, चांगला, हाही चांगला. पाट संपत आले तसा मला धीर आला. आणि एका भोकाशी आवाज बसला. कडेचा निराळा आवाज आता मला पाठ होता, हा तो नव्हता.

"मॅडम, ही नाही."

"परत वाजवा."

वाजवलं. त्यांनी मान खाली घातली, कान पाटाला टेकवला. "परत." वाजवलं. "आता शेजारची चांगली कड वाजवा. आता पुन्हा ही." मॅडमनी मान वर केली तेव्हा चेहरा कसनुसा झाला होता. "मला फरक लागत नाही हो," हळूच म्हणाल्या. मग उठल्या आणि कार्यकर्त्याला खणखणीत सांगितलं, "हा पाट आम्ही नेतोय. बाकीच्यांवर खुशाल माणसं घाला."

परतताना धरणाच्या कडेने टेम्पो चालला होता. त्या बाहेर पाण्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, सापडला ना तो. कोणाला काही झालं नाही." त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "सापडला, बरं झालं. पण रायकर, अब्बांचा 'ना' आता मला ऐकू येत नसणार. दुकान बंद होऊन किती वर्षं झाली, पण सकाळी मनात आला की ऐकू यायचा. आता मनातला खरा की कसा, हे ताडून कशावर बघू?" मला रडूच कोसळलं. त्यांनी पर्समधून खारीचा पुडा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "खा. आणि नाक पुसा. ड्रायव्हरला वाटेल मी रागावले."

पुढे लवकरच त्या निवृत्त झाल्या. कानात यंत्र घातलं, पण त्याचा त्यांना वैताग. "भांड्यांच्या दुकानात बसवल्यासारखं वाटतं," म्हणायच्या आणि काढून ठेवायच्या. मी अधूनमधून कोंढव्याला त्यांच्या फ्लॅटवर जायची. एकट्याच राहायच्या. गेल्यावर आधी माझ्या नव्या चपलांची कड बघणार, मग खात्यातल्या एकेका पाटाची चौकशी. मला त्या भेटींची किती ओढ असायची ते त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

शेवटची भेट दसऱ्यानंतरची. शेवटची आहे हे ठाऊक असतं तर निघालेच नसते. बैठकीत सतरंजीवर एक तबला काढून ठेवलेला होता. शिसवी, काळाभोर. "अब्बांनी केलेला शेवटचा. पुडी, म्हणजे हे वरचं कातडं, त्यांच्याच हातची आहे," म्हणाल्या. "माळ्यावर होता. आठ दिवस झाले, रोज वाजवते. मला टकटक ऐकू येते, लाकडावर केल्यासारखी. तुम्ही ऐका आणि सांगा, कसा आहे 'ना'. चांगलंच सांगायला पाहिजे असं नाही."

त्यांनी चाटेवर बोट मारलं. मी ऐकलं. पुन्हा मारलं. 'ना' बसलेला होता. बोल उमटायचा आणि जागीच मरायचा. वाटलं, सांगावं की छान आहे, त्यांना कुठे कळणार आहे? पण ज्या बाईने पोहोचलेले पाट परत काढले, तिच्यासमोर वाईट कडेला हिरवी खूण कशी करायची?

"मॅडम, हा बोलत नाहीये. उतरलाय."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे नुसता माझा कान नाही?" आणि एकदम हसायलाच लागल्या. इतकं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "अहो, आठ दिवस मी कानाला बोल लावतेय! तबलाही उतरलाय की!"

उठून आतून अब्बांची छोटी हातोडी घेऊन आल्या. तबला मांडीशी घेतला आणि मग हातोडी तशीच हातात धरून थांबल्या. "पुडी फार जुनी आहे. जास्त चढवली तर चाटेपासून फाटेल. आणि अशी पुडी आता कोण बांधणार?" मी म्हटलं, "मग राहू द्या ना, मॅडम." त्यांनी अंगठा कडेवरून सगळीकडे फिरवला. "मुका ठेवून तरी काय करू? मार किती द्यायचा ते माझ्या हाताला कळेल. तुम्ही फक्त चढला का ते सांगा."

वेणीसारखा जो गोल कडेला असतो त्यावर त्यांनी हातोडी मारली. मग बोटाने 'ना'. "चढला?" "थोडा." पुन्हा. "आता?" "हो, पण समोरच्या बाजूला अजून खाली आहे." तबला फिरवायच्या, मारायच्या, वाजवायच्या. मी गाणं शिकलेली नाही. मला फक्त कडा ऐकता येतात. पण सगळीकडून एकसारखा आला पाहिजे एवढं कळत होतं. एका ठिकाणी कातडं कुरकुरलं. त्यांनी तिथे अंगठा ठेवला, थांबल्या आणि मग अगदी हलका, जेमतेम लागेल असा ठोका दिला. मग बोट उचललं आणि चाटेवर मारलं.

ना!

काय सांगू! खोलीभर झालं. खिडकीच्या काचेपर्यंत जाऊन परत आलं.

"आला," मॅडम म्हणाल्या. मी काही बोलायच्या आधीच. माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एका हाताचा पंजा तबल्याच्या लाकडावर ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा वाजवला. "हाच. हातालासुद्धा हाच लागतोय."

निघताना दारापर्यंत आल्या नाहीत. मीच चपला घातल्या, दार ओढून घेतलं. जिन्यात 'ना' ऐकू येत होता, खाली पार्किंगमध्येही येत होता. स्कूटरला किल्ली लावली आणि तशीच उभी राहिले. त्यांना तो ऐकू येत नव्हता, म्हणून त्यांच्या वाटचा मीच ऐकत होते. मधेच आवाज थांबला आणि मॅडम गॅलरीत आल्या. मी दिसले तशी वाकून ओरडल्या, "रायकर! गेला नाहीत अजून?"

"ऐकतेय!" मी ओरडले.

"काय?"

"ऐकतेय म्हटलं!"

त्यांनी कानाला हात लावून नाही अशी खूण केली, जा जा म्हणून हात हलवला आणि आत गेल्या. मी थांबले. थोड्या वेळाने पुन्हा 'ना' सुरू झाला.